सहाव्या पंपाचा बांध

कोळवणच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, तुमचं भाताचं रान किती? उत्तर येईल, "सहा पंपांचं हाय." नाहीतर, "धा पंपांचं." गुंठ्यांत उत्तर देणारा भेटला तर खुशाल समजा, गडी एकतर विकायला निघालाय किंवा नुकताच विकत घेऊन फार्महाउस बांधतोय. राबणारा माणूस गुंठे तोंडातून काढत नाही. पाठीवर पंप घ्यायचा, औषध मारायचं, टाकी किती वेळा रिकामी झाली ते मोजायचं, तेवढं आपलं रान. दहा पंपांना एकर हा आमचा ठोकताळा. सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते तलाठ्याला ठाऊक.

मी त्या पंपांचा मिस्त्री. पिरंगुटात पौड रस्त्याला लागून माझं दुकान आहे. समोर पूर्वी शेणाचे उकिरडे होते, आता कारखान्यांच्या बसगाड्या थांबतात. दुकान तेवढंच आहे. आयुष्यभर मी फवारणीचे पंप उघडले, वायसर बदलले, दांडे जोडले, आणि मुख्य म्हणजे नोझल साफ केले. लोकांना वाटतं पंप म्हणजे ती पाठीवरची टाकी. अहो, टाकी म्हणजे नुसता हंडा! खरा पंप म्हणजे टोकाचा नोझल. त्याच्या आत रुपयाएवढीही नसेल अशी पितळी चकती असते आणि तिला एक भोक असतं. ते भोक बारीक असेल तर औषधाचं धुकं होतं, पानावर बसतं. भोक मोठं झालं की धुक्याचे थेंब होतात, थेंब पानावरून घरंगळतात आणि औषध जातं चिखलात. पीक वाचायचं की चिखल पाजायचा, हे सगळं त्या भोकावर.

हे मला कळत होतं का? शप्पथ सांगतो, निम्मंच कळत होतं. पंप तुंबला की गिऱ्हाईक शिव्या देतं, पंप धो धो उडाला की खूश होतं. मी गिऱ्हाईक खूश ठेवत होतो. औषधाचं मापही आमच्याकडे भारी. बाटलीचं झाकण! "पंपाला दोन झाकनं." कुठल्या बाटलीचं झाकण, ते विचारायचं नाही. एका कंपनीचं झाकण मोठं, दुसरीचं लहान, पण झाकण म्हणजे झाकण. वर आणखी अर्धं झाकण 'असू द्या' म्हणून. ते 'असू द्या'चं अर्धं झाकण या खोऱ्यानं किती वर्षं प्यायलं असेल, देव जाणे.

मग आमच्या घरात अश्विनी आली. माझी सून. लातूरकडची, शेतीची पदवी घेतलेली. मुलगा कारखान्यात नोकरीला, त्याला पंपाचा वास सहन होत नाही, आणि ही मात्र लग्नानंतर महिन्याभरात दुकानात येऊन बसली. हातात काय, तर रेघा मारलेला प्लास्टिकचा मग आणि घड्याळ. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप मिनिटभर मगात सोडायचा आणि किती पाणी पडलं ते वहीत लिहायचं.

"हे काय करायलीस?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मामा, तुम्ही पंप दुरुस्त करता, पण तो किती सोडतो ते कधी बघता का?"

चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे विचारायचं! दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. पण तिसऱ्या दिवशी मीच तिला मग आणून दिला, कारण एकाच कंपनीचे दोन पंप शेजारी ठेवले आणि एकाचा मग काठोकाठ, दुसऱ्याचा गळ्यापर्यंत. माझंच काम दोन्ही. वहीत 'पंप' हा शब्द मात्र ती मला लिहू देत नसे. मी लिहिलं, 'अमुक, आठ पंप', की ती खोडून शेजारी गुंठे लिहायची आणि म्हणायची, "मामा, पंप हे माप नाही, भांडं आहे."

दोन वर्षांनी तिनं ड्रोनचं शिक्षण घेतलं, परवाना काढला आणि बँकेकडून यंत्र आणलं. सहा पंखांचं, पोटाला दहा लिटरची टाकी. बाहेरच्या लोकांना वाटतं, ड्रोन म्हणजे वरून पाऊस पाडायचा. तसं नसतं. आधी अश्विनी शेताच्या कडेकडेनं हातातलं यंत्र घेऊन चालते, कोपऱ्याकोपऱ्याला खूण करते, की पडद्यावर शेताचा नकाशा उमटतो आणि बांधाच्या आतलं क्षेत्र किती तेही येतं. मग ड्रोन तेवढ्यातच फिरतो. बांध ओलांडत नाही, एक पट्टा दोनदा मारत नाही. पाठीवरच्या पंपाला एकरी दोनशे लिटर पाणी लागायचं तिथं याला दहा लिटर पुरतं. थेंब इतका बारीक, की वारा जरा वाढला तर ती सरळ घरी चल म्हणते. औषध नेमकं किती घालायचं ते मात्र हिशोबानं. झाकण बंद! मिसळायचं काम माझ्याकडे आणि नोझलही माझ्याकडे. त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

खताचंही तिनं असंच मनावर घेतलं. पूर्वी शेजाऱ्याचं भात जरा हिरवं दिसलं की आमचा माणूस युरियाचं घमेलं घेऊन बांधावर. ही पिशवीतून हिरव्या रंगाच्या छटांची एक पट्टी काढते, भाताचं पान त्यावर धरते, आणि पान जर ठरलेल्या छटेपेक्षा फिकट असलं तरच खत म्हणते. नाहीतर, "थांबा अजून आठ दिवस." थांबा म्हटलेलं कुणाला आवडत नाही. एका फार्महाउसवाल्या साहेबांनी तर ती पट्टी आपल्या लॉनवर धरली आणि संध्याकाळी फोटो पाठवून विचारलं, मॅडम, रिपोर्ट काय? अश्विनीनं उत्तर दिलं, सर, गवत सुखी आहे.

आता दगडूआप्पांची गोष्ट. खरं तर ती सांगायलाच बसलोय, बाकीचं सगळं त्यासाठी.

दगडूआप्पा कोळवणच्या अलीकडचे, सत्तरीचे, माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक. पितळी टाकीचा पंप वापरणारा खोऱ्यातला शेवटचा माणूस. त्यांची एकच धाकटी बहीण, शेवंताक्का. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. भावजयीशी पटलं नसतं असं नाही, पण आप्पा म्हणाले, बहिणीनं कुणाच्या तोंडाकडं बघून जेवायचं नाही. त्यांनी तिला ओढ्याकडे वेगळं घर बांधून दिलं आणि वडिलांच्या भाताच्या खाचरांतला निम्मा वाटा दिला. तेही सगळ्यांच्या समोर, आपण होऊन. आमच्याकडे बहिणीला वाटा देणारा भाऊ दुर्मीळ. बऱ्याच जणांनी आप्पांना वेड्यात काढलं.

वाटणी कशी केली ते ऐका. खाचरं पायऱ्यांसारखी डोंगरावरून ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. कुठलं वाकडं, कुठलं चिंचोळं, डोळ्याला काही अंदाज लागत नाही. सरकारी मोजणी आणायची तर कागद, खेटे. आप्पा म्हणाले, "पंपानं मोजू." करप्याचं औषध मारायचं होतंच. आप्पा आपला पितळी पंप घेऊन वरच्या अंगानं निघाले. शेवंताक्का शेजारणीचा, तेवढ्याच टाकीचा प्लास्टिकचा पंप घेऊन ओढ्याकडून वर निघाली. दोघांनी एकेक पंप मारायचा, दुसऱ्याचा संपेपर्यंत थांबायचं, मग पुढचा भरायचा. दोघांचे सहा-सहा पंप जिथं संपले, तिथं बांध. ज्या खाचराच्या मधोमध दोघं समोरासमोर आले, तिथं आप्पांनी चार दगड ठेवले आणि म्हणाले, "ही तुझी हद्द, ही माझी." झाली वाटणी! इतकी सरळ वाटणी मी तरी दुसरी पाहिली नाही.

आप्पा ही गोष्ट दुकानात बसून कितीदा तरी सांगायचे आणि शेवट ठरलेला, "माझा पंप दर खेपंला आधी संपायचा, मिस्त्री. मी बिडी वडत उभा आन् ही आपली अजून निम्म्यात. बाईमानूस, किती चालनार?" मी हसायचो. चहा सांगायचो. त्या वाक्यात काय आहे ते माझ्या डोक्यात आलं नाही, आणि यायला हवं होतं. ते माझं काम होतं.

गेल्या वर्षी श्रावणात आप्पांनी अश्विनीला बोलावलं. फवारणी केली की त्यांना चक्कर यायची, दोन दिवस डोकं धरून बसायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, निक्षून सांगितलं होतं, पुन्हा पंप पाठीवर घेतला तर मी माहेरी. आम्ही गाडीतून ड्रोन उतरवला. शेवंताक्का आपल्या बांधावर पदर खोचून बघत उभी. ती तर अश्विनीची फार लाडकी.

"काय गं पोरी," तिनं विचारलं, "नांगरट टिलरनं, फवारनी ह्या पाखरानं. बैल कुटंच आला न्हाई. मग पुढल्या ऋषिपंचमीला ह्यो तांदूळ चालंल का न्हाई?"

पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा आमच्या बायकांचा नेम. अश्विनी म्हणाली, "चालेल की. पण यात मामांचे कष्ट आहेत बरं का."

"मिस्त्री काय बैल हाय व्हय?" आक्का म्हणाली आणि आप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला. बहीण-भावाचं ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर दहा मिनिटांनी सगळं बिघडलं.

अश्विनी आप्पांच्या वाट्याला फेरी मारून आली, पडदा बघितला आणि म्हणाली, "आप्पा, सोळा गुंठे."

"छट्! सहा पंपांचं रान हाय. चोवीस भरंल."

तिनं पुन्हा फेरी मारली. सोळाच. आप्पांचा चेहरा बदलला. "आता हिचं मोज," म्हणाले. अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, कारण मला काय माहीत? शेवंताक्कानं स्वतः पुढं होऊन खाचरं दाखवली. चोवीस भरलं.

आप्पा बांधावरच्या चार दगडांपाशी गेले. मग म्हणाले, "शेवंते, बांध सरकवलास."

"दादा, काय बोलतुयास?"

"सहा पंप तुला, सहा मला. मग माझं सोळा आन् तुझं चोवीस कसं? दर साली दगुड वाइच वर, वाइच वर. मी न्हाई बघितलं, पन यंत्रानं बघितलं. आन् खेकडं बी तुझ्याच खाचरात. माझ्यात एक दिसत न्हाई. समदंच वढून घेतलंस!"

आक्का ओढ्याच्या वाटेनं खाली गेली आणि तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज वरपर्यंत आला. फवारणी झाली, करपा आटोक्यात आला, पण त्या दिवशी गाडीत अश्विनी रडली. "मामा, मी कशाला मोजलं?"

गौरी आल्या तेव्हा आप्पांच्या घरी बहीण बोलावली गेली नाही. तिच्या माहेरपणात पहिल्यांदा. भावकीतल्या लोकांना तर आयतंच झालं, कोण म्हणे मोजणी आण, कोण म्हणे वकील बघ. आप्पा एकदा दुकानात आले, पण बसले नाहीत. "दिवाळी झाली की मोजनी आनतो," एवढंच म्हणाले. "ह्या भाऊबीजंला मी तिच्या दारात जानार न्हाई." सत्तर वर्षांत एक भाऊबीज न चुकलेला माणूस.

दसरा झाल्यावर काकूंनी तो पितळी पंप माझ्याकडे पाठवून दिला. भंगारात घाल म्हणाल्या, घरात नको. अश्विनीनं सवयीनं तो भरला, नोझलखाली तिचा मग धरला, घड्याळ लावलं. शेजारी एक साधा चांगला पंप होता, तोही सोडला.

साध्या पंपाचे दोन मग भरेपर्यंत आप्पांच्या पंपानं तीन भरले.

तिनं ते वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता थांबली. "मामा, दोनास तीन. आणि सोळास चोवीस."

मी नोझल उघडला, चकती उजेडात धरली. भोक केवढं! आणि कडेला कानशीनं काढलेल्या तीन बारीक रेघा. ती माझी खूण. माझ्या हातच्या प्रत्येक नोझलवर मी त्या काढतो, मोठ्या अभिमानानं. मला लख्ख आठवलं. वाटणीच्या आदल्या वर्षी आप्पा वैतागून आले होते, ओढ्याचं गढूळ पाणी भरतात म्हणून नोझल सारखा तुंबतो. मी म्हटलं होतं, आप्पा, असा करून देतो की जन्मात तुंबणार नाही. आणि ड्रिल लावून भोक वाढवलं होतं. जन्मात तुंबला नाही, हे खरं.

म्हणजे बांध कुणीच सरकवला नव्हता. आप्पांचा पंप आधी संपायचा, कारण तो दीडपट ओकत होता. ते चालायला तेज नव्हते. सहा पंप सोळा गुंठ्यांतच संपले, आणि आक्काचे सहा पंप चोवीस गुंठे फिरून आले. आप्पांनी निम्मं समजून बहिणीला चार गुंठे जास्त दिले होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

आणि दुसरं जे कळलं ते जास्त लागलं. इतकी वर्षं त्यांच्या रानात दीडपट औषध पडत होतं. जाड थेंब पानावर टिकत नव्हता, सगळं चिखलात. खेकडे आक्काकडे गेले नव्हते, ते आप्पांकडे मेले होते. आणि त्या दीडपट औषधातून चालत जाणारा माणूस म्हणजे आप्पा. ती चक्कर मी दिली होती. तीन रेघा मारून.

लगेच सांगितलं का? नाही. चार दिवस गप्प बसलो. लाज वाटत होती म्हणा, नाव जाईल याची भीती म्हणा. आणि आणखी एक गोष्ट होती. सांगितलं तर आक्का चोर ठरणार नाही, पण तिचे चार गुंठे जास्त हेही उघड होणार. आप्पा सरळ बांध सरकवायला लावतील, आणि तिला पोटाला तेवढंच रान. अश्विनीनं चौथ्या दिवशी जेवताना विचारलं, "मामा, तुमची खूण खरी की खोटी?" हात धुतले आणि म्हटलं, उद्या जाऊ.

भात कापून आप्पांच्या खळ्यावर भारे आले होते. अश्विनीनं आक्काला कसंबसं समजावून आणलं. ती आली, पण दादाकडे पाठ करून उभी राहिली. शेजारणीचा तो प्लास्टिकचा पंप अजून होता, तोही आणला. मी दोन्ही पंप भरले आणि म्हटलं, "आप्पा, आक्का, एकदा माझ्यासाठी मारा. बादलीत. वाटणीला मारलं तसंच."

"कशापायी?"

"मारा तर खरं."

दोघं मारू लागली. दांड्याचा खडखडाट, पाण्याची फुरफुर, खळ्यावर दुसरा आवाज नाही. आणि आप्पांचा पंप संपला. इतक्या रागात असूनही त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "बघ! माझा आधी संपला!"

आक्काची टाकी अजून डुचमळत होती. अश्विनी हळूच म्हणाली, "आप्पा, तुम्ही आत्ता एक पाऊलही चालला नाहीत."

आप्पांनी पायांकडे बघितलं. मग बादलीकडे. मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. भोक मी पाडलं, तेव्हा खूश होऊन पाडलं, चक्करही त्यातलीच, खेकडेही त्यातलेच, आणि आक्कानं एक दगडसुद्धा हलवलेला नाही.

आक्का पहिल्यांदा वळली. "चार गुंठं तुझं निघत्यात ना दादा? घे. उद्या बांध सरकव. पन मला चोर म्हनलास, त्येचं काय मोजनार?"

आप्पा वाकले, नोझल पिरगाळून काढला, खिशात टाकला आणि घरात गेले. आक्का निघून गेली. आम्ही दोघं खळ्यावर भरलेल्या बादल्यांपाशी उभे. मला वाटलं, सांगूनही काही मिटलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी आप्पांचा निरोप आला. सुनेला घेऊन ये, आणि ते मोजायचं यंत्रही आण. सणाच्या दिवशी हा माणूस बांध सरकवणार! अश्विनी म्हणाली, मी आज मोजणार नाही, सांगून ठेवते. आप्पा नवा सदरा घालून वाटेवर उभे होते. आम्हाला बघताच ओढ्याकडे चालू लागले, आम्ही मागे.

आक्काच्या दारात रांगोळी होती. आत पाट मांडलेला होता, ताट तयार होतं. म्हणजे तिनं वाट बघितली होती. तोंड मात्र फुगलेलं. आप्पा पाटावर बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ताट पुढं धरलं. आप्पांनी खिशात हात घातला आणि ताटात नोझल ठेवला. पितळ घासून लख्ख केलेलं.

"ही वोवाळनी," म्हणाले. "चार गुंठं ह्या भोकातनं तुझ्याकडं आलं. मी दिलं न्हाई, ह्येनं दिलं. पन आज मी देतो. आता कुनी पुन्यांदा मोजायचं न्हाई." मग आवाज खाली गेला. "चोर मी म्हनलो, शेवंते. ती जीभ मात्र माझीच हुती. ती मिस्त्रीनं न्हाई बिघडवली."

आक्कानं ताट खाली ठेवलं आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून नोझल उचलला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री, केवढं हे! ह्यातनं तर म्हैस बी जाईल की रं." सगळे हसलो. मी सर्वांत जास्त. नोझल तिनं देवळीत, दिव्याशेजारी ठेवला. यंदाच्या पावसाळ्यात आप्पांनी डब्यात घालून चार खेकडे दुकानात आणून दिले, आपल्याच खाचरातले. म्हणाले, चक्कर बी गेली.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. फराळ झाल्यावर आप्पा अश्विनीला म्हणाले, "पोरी, तुझ्या यंत्रात आमची रानं हायेत ना? नावं घाल त्यांना."

"काय नाव घालू, आप्पा? सोळा गुंठे, चोवीस गुंठे?"

"न्हाई. सहा पंप. दोनीला बी."

मी अश्विनीकडे बघितलं. वहीतला प्रत्येक 'पंप' खोडणारी माझी सून. तिनं यंत्र मांडीवर घेतलं, एका नकाशावर लिहिलं 'आप्पा, सहा पंप'. दुसऱ्यावर लिहिलं 'आक्का, सहा पंप'. आणि दोन्ही जपून ठेवले.